बख्शी का तालाबचं विरजण

दिवाळी अंकात बुरशीवर लिहू नये, एवढी अक्कल मला आहे. घरोघरी नुकते अनारसे तळून डबे भरलेले असतात, त्यात माझ्यासारखीनं 'बुरशी' म्हटलं की बायका वाचन सोडून आधी डबे उघडून बघणार. पण संपादकबाई फोनवर ऐकेनात. "तुम्ही लखनौत इतकी वर्षं सरकारी नोकरी केलीत, त्यातलं काहीतरी लिहा की." मी म्हटलं, "अहो, त्या नोकरीत मी बुरशीच सांभाळली." त्या म्हणाल्या, "मग तीच लिहा." आता भोगा.

मी मूळची वाळव्याकडची, सांगली जिल्ह्यातली. शेतकीची पदवी घेतली आणि रेल्वेतल्या इंजिनिअरशी लग्न करून थेट लखनौच्या मानक नगरात, रेल्वे कॉलनीत येऊन पडले. भाषा येईना, दुधी भोपळ्याला लौकी म्हणतात हे कळायला आठवडा गेला. वर्षभरात एका सरकारी प्रयोगशाळेत जागा निघाली आणि मी पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या विभागात चिकटले ती निवृत्तीपर्यंत. माझं पद मोठं नव्हतं. शास्त्रज्ञ वेगळे, मी तांत्रिक अधिकारी. शास्त्रज्ञांनी गोळा केलेल्या बुरश्या जिवंत ठेवायच्या, हे माझं काम. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "ही सरकारी पगारावर बुरशीची आया आहे."

काम समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. काचेच्या बोटभर जाडीच्या नळ्या असतात. त्यात पिठाचं आणि साखरेचं सत्त्व घालून जेली थिजवायची, नळी तिरकी ठेवायची म्हणजे जेलीला उतार येतो. त्या उतारावर बुरशीचा कणभर तुकडा सुईनं ठेवायचा, वर कापसाचं बूच. बुरशी वाढते, जेली खाते, तीन महिन्यांत जेली संपते आणि वाळते. त्याआधी त्यातला कणभर तुकडा नव्या नळीत लावायचा. तो वाढला की पुन्हा तीन महिन्यांनी पुढच्या नळीत. थोडक्यात सांगायचं तर घरात विरजण सांभाळतो तसंच. आपण कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला लावतो, आणि ते दही वर्षानुवर्षं चालू राहतं. सुई ज्योतीवर लाल करून घ्यायची, गार करायची, मग लावायची. पंखा बंद. बोलायचं नाही. लखनौच्या जूनमध्ये पंखा बंद करून ज्योतीपुढे दोन तास बसून बघा.

गिऱ्हाइकं म्हणाल तर तऱ्हेतऱ्हेची. एकदा एक वयोवृद्ध गृहस्थ मलमलीत गुंडाळलेली शेरवानी घेऊन आले. लग्नातली होती, कॉलरवर हिरवट बुरशी चढलेली. खुर्चीवर बसायच्या आधी तीनदा सलाम, मग त्या डागाकडे बोट करून म्हणाले, "मोहतरमा, इन साहब का नाम बताइए, और ये कब तशरीफ़ ले जाएँगे?" मी नाव सांगितलं, उन्हात घालायला सांगितली. पुढच्या आठवड्यात मलईची मिठाई घेऊन आले आणि म्हणाले, साहेब गेले. असं काही घडलं की दिवस बरा जायचा.

पण मुख्य काम उसाचं. उसाला एक रोग होतो, लाल कुज. वरून तिसरं-चौथं पान पिवळं पडतं, मग सगळा शेंडा वाळतो. ऊस उभा चिरला की आत लालभडक, मधूनमधून पांढरे आडवे पट्टे, आणि आंबलेल्या ताडीसारखा वास. एकदा रानात शिरला की बेट उपटण्याशिवाय इलाज नाही. हा रोग करणारी बुरशी देशभर एकच आहे, जात एक, नाव एक. पण मुलूख बदलला की ती आतून बदलते. एकाच आडनावाची दोन घराणी चारशे मैलांवर राहतात, आडनाव तेच, पण आमटीत गूळ घालायचा की नाही यावर भांडतात, तसं. त्यामुळे एखादा ऊस लखनौच्या बुरशीपुढे टिकला म्हणून तो तामिळनाडूच्या बुरशीपुढे टिकेलच असं नाही. ऊस कुठे लावायचा हे ठरवण्याआधी कुठली बुरशी कशी आहे हे माहीत पाहिजे. नाहीतर शेतकऱ्याला "हा ऊस पक्का" म्हणून द्यायचा आणि त्याचं रान लाल व्हायचं.

शेतकरी मेळाव्यात मला याच विषयावर बोलायला उभं करायचे. माझं हिंदी ऐकून लोक गालात हसायचे, पण मी ठणकावून सांगायची, "बीज का गन्ना दूर से मत लाइए. रिश्तेदार प्यार से दे, तो भी मत लाइए. गन्ना आएगा तो रोग भी साथ आएगा." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, गणती नाही. ते ध्यानात ठेवा.

आणि माझा तोरा. तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जायची नाही. विभागात कोणी पाहुणा आला, दिल्लीहून साहेब आले, कॉलेजची पोरं आली, की मी कपाट उघडून नळ्यांच्या रांगा दाखवायची आणि म्हणायची, "मेरे हाथ से आज तक एक भी नली नहीं मरी." दर तीन महिन्यांनी रजिस्टरमध्ये प्रत्येक नळीपुढे 'जिवंत' लिहून सही. सुरुवातीला एकेक नळी उजेडात धरून बघायची. पुढे पुढे, खरं सांगते, रामसजीवन म्हणायचा "सब ठीक है मैडम," आणि मी खाली सही ठोकायची.

रामसजीवन आमचा लॅब अटेंडंट. लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावचा, घरी थोडी शेती, रोज सायकलनं यायचा. पन्नाशी उलटलेली, जेली थिजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लावणीही बहुतेक तोच करायचा, माझ्या हाताखाली शिकून. थंडीत घरचा चोखायचा ऊस आणायचा, मऊ, रसाळ, सालपट दातानं सोललं तरी हिरड्या दुखायच्या नाहीत. त्याच्या गावातल्या एका शेतातून आम्ही लाल कुजेचा नमुनाही घेतला होता. आमच्या कपाटातली ती सर्वांत धडधाकट नळी. पांढरी, कापसासारखी फुलायची, आठवड्यात सगळी जेली व्यापायची. रामसजीवनला तिचा अभिमान. "हमारे यहाँ की है मैडम, दूध-घी खाई हुई."

फरहीन आली ती पीएच.डी.ला. जुन्या लखनौतल्या चौक भागात राहणारी, किडकिडीत, बोलणं इतकं मऊ की चूक दाखवली तरी आपल्यालाच बरं वाटावं. तिचा विषय हाच: बारा वेगवेगळ्या मुलखांतल्या लाल कुजेच्या बुरशीत आतून फरक किती. बारा नळ्या माझ्या कपाटातल्या, काही मी येण्याआधीच्या, काही नव्या. त्यात एक माझ्या माहेरची. माझा धाकटा भाऊ बाळू शेती बघतो, त्यालाच सांगून कुजका ऊस मागवला होता. कपाटात ती नळी 'मैडम के मायके वाली' म्हणून ओळखली जायची.

चार वर्षं फरहीन राबली. बुरशीतून डीएनए काढायचा, त्याचे ठरावीक तुकडे वाढवायचे आणि जेलीच्या चकतीवरून विजेनं पळवायचे. लहान तुकडा पुढे धावतो, मोठा मागे राहतो. मग अतिनील दिव्याखाली चकती धरली की प्रत्येक नमुन्याच्या पट्ट्या दिसतात, बांगड्यांच्या उतरंडीसारख्या. ज्याच्या पट्ट्या जुळल्या ते सख्खे, नाही जुळल्या ते परके. फेलोशिप संपायला आठ महिने उरले होते. सीतापूरच्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघणार होती, पण डिग्री हातात असेल तरच.

आणि निकाल आला. बारांपैकी आठ जणांच्या पट्ट्या हुबेहूब सारख्या. बख्शी का तालाब, बिहार, गुजरात, आंध्र, तामिळनाडू, सांगली, आणखी दोन, सगळे सख्खे भाऊ.

त्रिवेदीसाहेब, म्हणजे तिचे मार्गदर्शक आणि आमचे प्रमुख, खूश. "भई वाह! पूरे देश में एक ही चल रही है. पेपर बढ़िया बनेगा." फरहीन मात्र चकती हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मैम, ये कुछ ज़्यादा ही अच्छा नहीं लग रहा?"

मी माझी जुनी वही काढली. तामिळनाडूची नळी आली तेव्हा मीच लिहून ठेवलं होतं: काळपट, सावकाश वाढणारी. कपाटातली नळी काढून उजेडात धरली. पांढरीशुभ्र, कापसासारखी फुललेली. आंध्रची काढली. तीही पांढरी. गुजरात, पांढरी. आणि प्रत्येक नळीपुढे रजिस्टरमध्ये माझी सही होती.

रामसजीवनला बोलावलं. विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही. आपण काही चुकीचं केलं असं त्याला वाटलंच नव्हतं.

"हाँ मैडम, वो तो सूख गई थीं. दो-तीन साल पहले, जब गर्मी में एसी पूरा महीना बंद पड़ा था. तो हमने बगल वाली से जामन दे दिया."

"जामन?"

"जैसे दही ख़राब हो जाए तो पड़ोस से जामन ले आते हैं. बख्शी का तालाब वाली सबसे तगड़ी थी, उसी से लगा दिया. छह थीं कुल."

"अरे, सांगायचं नाही का मला?" मी चक्क मराठीत म्हणाले. त्याला कळलं.

"आप हर मेहमान से कहती थीं कि एक भी नहीं मरी. हम किस मुँह से कहते?"

त्याच्या लेखी सगळ्या नळ्या लाल कुजेच्याच. जात एक, नाव एक, चिठ्ठी वेगळी. दही ते दही. चूक त्याची म्हणावी तर त्याला 'मुलूख बदलला की बुरशी बदलते' हे मी कधी समजावूनच सांगितलं नव्हतं. मेळाव्यात हजार लोकांना सांगितलं, शेजारी बसणाऱ्याला नाही.

फरहीननं हलकेच विचारलं, "मैम, छह कह रहे हैं. पर बख्शी का तालाब के अलावा सात मिल रही हैं."

"एखादी विसरला असेल," मी म्हटलं.

"छह ही थीं," रामसजीवन म्हणाला. "गिन के लगाई थीं." तिकडे मी लक्षच दिलं नाही.

दोन दिवस मी गप्प होते, हेही लिहिते. कोणाला काही कळणार नव्हतं. साहेब खूश, थिसिस पास झाला असता, मी दीड वर्षात निवृत्त. तिसऱ्या दिवशी घरी पोळ्या लाटता लाटता यांना सगळं सांगितलं. हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, आम्ही एकच पूल तपासून बारा पुलांना सर्टिफिकेट दिलं असतं, तर तू आम्हाला काय म्हणाली असतीस?" मी म्हटलं, "पोळी करपतेय," पण उत्तर मला माहीत होतं.

त्रिवेदीसाहेबांना लेखी दिलं. सह्या माझ्या, न बघता केलेल्या, जबाबदारी माझी. साहेब लालबुंद झाले, रामसजीवनला मेमो द्यायला निघाले. मी म्हटलं, "सर, रजिस्टरवर त्याची सही नाही." मेमो मला आला. इतक्या वर्षांत पहिला, आणि सगळ्या विभागानं वाचला. फरहीन एवढंच म्हणाली, "मैम, आठ महीने हैं. गन्ना कहाँ से आएगा?"

दौऱ्याची मंजुरी मिळायलाच चार महिने लागले असते. आणि इथे माझी रेल्वे कॉलनी कामाला आली. मानक नगरातले इंजिनिअर म्हणजे पायाला चाकं लावलेली माणसं. कोणी पाटण्याला, कोणी विजयवाड्याला, कोणी सुरतेला, सदानकदा दौऱ्यावर. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता. आरती झाली, अध्यक्षांनी माइक माझ्या हातात दिला आणि मी म्हटलं, "मंडळी, प्रसाद घेऊन जा, आणि दौऱ्यावरून येताना मला सडलेला ऊस घेऊन या." आधी हशा पिकला. मग मी उभा चिरलेल्या लाल उसाचे फोटो दाखवले, प्रयोगशाळेचं पत्र वाटलं, कागदात गुंडाळून दोन पिशव्यांत सील कसं करायचं ते शिकवलं. आमची मुलगी मागून म्हणाली, "आई, सच में? गणपति में?" मराठी तिला सगळं कळतं, पण लाज नेहमी हिंदीतच वाटते.

आणि लोकांनी आणले हो! बिहारचा आला, आंध्रचा आला, तामिळनाडूचासुद्धा आला. एक बँकवाले साहेब गुजरातहून लांबच लांब, जाडजूड, ठणठणीत ऊस घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, सडका मागितला होता." ते ओशाळून म्हणाले, "वहिनी, सडका कसा आणणार? लोक काय म्हणतील?" त्यांना परत पाठवलं, म्हणजे पुढच्या दौऱ्यापर्यंत थांबवलं. तो ऊस मात्र आम्ही विभागात वाटून खाल्ला. सांगलीचा बाळूनंच पाठवला, सुट्टीहून परतणाऱ्या एका जोश्यांबरोबर.

या वेळी लावणी मी स्वतः केली. पंखा बंद, तोंडाला रुमाल, प्रत्येक नळीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी. कपाटाची किल्ली माझ्या पदराला. प्रत्येक उसाचा उरलेला तुकडा फ्रीजमध्ये. रामसजीवन फक्त जेली थिजवायचा आणि लांब उभा राहायचा. गणपतीपासून चार महिन्यांत फरहीननं पुन्हा सगळं काढलं. चकती दिव्याखाली धरली आणि मला अगदी मनापासून हसू फुटलं. बिहार वेगळं, आंध्र वेगळं, तामिळनाडू तर अगदीच परकं. प्रत्येक मुलखाची आपापली पट्टी.

पण एक जागा सोडून. सांगली आणि बख्शी का तालाब, पट्टीला पट्टी, पुन्हा हुबेहूब.

त्रिवेदीसाहेब म्हणाले, "इसका मतलब मिलावट अब भी हो रही है. एक में हुई तो बाकी पर भी भरोसा कैसे करें? मैं यह थीसिस आगे नहीं भेज सकता." तीन महिने उरले होते. सीतापूरची जाहिरातही आली होती.

आणि मी काय केलं असेल? मी रामसजीवनवर तुटून पडले. विभागात, सगळ्यांसमोर. किल्ली मिळाली कशी, हात लावलाच का, एकदा झालं ते पुरलं नाही का. तो मान खाली घालून उभा होता. एवढंच म्हणाला, "मायके वाली को हमने पहले भी नहीं छुआ था, मैडम. वो आपके घर की थी. उसमें जामन कैसे डालते?"

मी म्हटलं, "बाहेर जा." तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. फ्रीजमधला सांगलीच्या उसाचा तुकडा काढला, त्याला खोलीत पाय ठेवू दिला नाही, जेलीसुद्धा मीच थिजवली आणि नव्यानं नळी लावली. तीन आठवडे तो व्हरांड्यात स्टुलावर बसून होता, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं असा. फरहीननं पुन्हा पट्ट्या काढल्या.

तेच. बख्शी का तालाब.

आता मात्र कोणावर ओरडायला माणूसच उरला नाही. फरहीननंच विचारलं, "मैम, कहीं ऐसा तो नहीं कि नली ठीक है, और बात खेत में है? आपके भाई से पूछें?"

मी तिच्यासमोरच बाळूला फोन लावला. "बाळू, तू मला दोन्ही वेळा ऊस पाठवलास, तो कुठल्या रानातला?"

बाळू म्हणाला, "ताई, आता काय सांगू तुला. तू कुजका ऊस पाठव म्हणालीस, माझ्याकडं कुजका तेवढाच होता."

"तेवढाच म्हणजे कुठला?"

"तू आणलेला की गं. लखनौचा चोखायचा. आठ-नऊ वर्षं झाली, बॅगेतनं कांड्या आणल्या होत्यास. 'लाव बांधाला, पोरं खातील' म्हणालीस. लई गोड होता. मी वाढवून वाढवून अर्धा एकर केला, रसवंतीवाले घरी यायचे न्यायला. चौथ्या वर्षी लाल पडला. उपटून हळद लावली तिथं. कोपऱ्यात चार बेटं तेवढी राहिली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तिकडं उसाच्या रोगाची एवढी मोठी अधिकारी. तुला कसं सांगायचं, की तूच आणलास म्हणून?"

फोन ठेवला. फरहीनला मराठी येत नाही, पण तिनं माझं तोंड बघितलं आणि पाणी आणून दिलं. मी तिला सगळं सांगितलं. रामसजीवननं प्रेमानं दिलेल्या कांड्या, मी बॅगेत साड्यांच्या मधे घालून नेलेल्या. ऊस वरून चांगला दिसत होता, रोग आत होता. मेळाव्यात शंभरदा सांगितलेलं वाक्य, रिश्तेदार प्यार से दे तो भी मत लाइए, आणि रिश्तेदार मीच. बाळूनं लपवलं, रामसजीवननं लपवलं, दोघांनीही माझा तोरा जपण्यासाठी. माझ्या तोंडावर खरं सांगायची सोयच मी ठेवली नव्हती. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

फरहीनचे डोळे मात्र चमकायला लागले होते. "मैम, ये तो कमाल है. ये मिलावट नहीं है. ये सबूत है!" आणि ती बरोबर होती. बुरशी मुलखामुलखात वेगळी का, तर ती स्वतःहून लांब जात नाही. आणि गेली कशी, तर माणसाच्या बॅगेतून. तिच्या थिसिसमध्ये सगळीकडे फरक होता आणि एकाच ठिकाणी साम्य होतं, त्या साम्याला कारण होतं, आणि ते कारण बाळूकडून लेखी घेता येत होतं. त्रिवेदीसाहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भेज दो." तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला. त्यात माझं नाव नाही. 'एक व्यक्ति द्वारा लाया गया बीज' एवढंच आहे. फरहीननं विचारलं होतं, नाव घालू का म्हणून. मी म्हटलं, पोरी, मेमो एक पुरे.

ती आता सीतापूरला शिकवते. वर्गात ही गोष्ट सांगते म्हणे, नाव न घेता, पण आवाज माझा काढते.

हे सगळं छान झालं. पण ज्या दिवशी बाळूचा फोन झाला त्या दिवशी मी लगेच व्हरांड्यात जायला हवं होतं, आणि मी गेले नाही. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गेले तर रामसजीवन रजेवर. मग रविवारी मी आणि हे बख्शी का तालाबला गेलो. संक्रांत नुकतीच झाली होती, डब्यात तिळाच्या वड्या घेतल्या. तो शेतात होता. वर हवाई दलाचं विमान घरघरत होतं, त्यामुळे माझं पहिलं वाक्य त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणायला लागलं, तेही यांच्यासमोर, त्याच्या बायकोसमोर. "रामसजीवनजी, तुमची काही चूक नव्हती. चूक माझी होती. सगळ्यांसमोर बोलले, उद्या सगळ्यांसमोर माफी मागते." निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत, आणि रडत. मग सांगलीचा सगळा किस्सा सांगितला.

ऐकता ऐकता त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"तो मैडम, जामन तो आप भी ले गई थीं," तो म्हणाला. "हमारे ही घर से."

हे मोठ्यानं हसले. मग तो हसला, आणि मग मीही, नाक पुसत. दुसऱ्या दिवशी मी विभागात सगळ्यांसमोर माफी मागितली. कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली आणि जाड अक्षरात एक कागद कपाटाच्या दारावर चिकटवला: नळी मेली तर ताबडतोब सांगा. निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून नऊ नळ्या मेल्या, आणि नऊही रजिस्टरमध्ये लिहिल्या आहेत. तेवढ्या नोंदी मी आजही अभिमानानं सांगते.

आता मी लखनौतल्याच महानगर नावाच्या भागात राहते, रामसजीवनही निवृत्त झालाय. दर संक्रांतीला मी वड्या घेऊन त्याच्याकडे जाते. त्यानं ऊस बदललाय, नवा, तपासलेला, पण तेवढाच मऊ. तो बांधावर बसून मला कांडी सोलून देतो. आम्ही दोघं म्हातारे दात सांभाळत चोखत बसतो आणि फरहीनच्या गप्पा मारतो. निघताना मी सवयीनं विचारते, "दोन कांड्या बांधून द्या, घरी नेते."

आणि तो दरवर्षी तेच उत्तर देतो. "यहीं चूस के जाइए, मैडम. साथ मत ले जाइए."